अठ्ठावीस मिलिमीटरचे दरोडेखोर

पन्नाशी उलटली की नवी मुंबईतला माणूस चालायला लागतो. सिडकोने त्याची सोय आधीच करून ठेवली आहे. १९७० साली स्थापन झालेल्या या महामंडळाने खाडीकाठच्या शेतांवर आणि मिठागरांवर नोड आखले, नोडांत सेक्टर आखले आणि शुगर निघालेल्या माणसाने सकाळी कुठे फेऱ्या माराव्यात, त्याचीही जागा सोडली. आमच्या नेरूळच्या सोसायटीतले माझ्या वयाचे बहुतेक सगळे पहाटे होल्डिंग पॉन्डभोवती चालतात, फ्लेमिंगो दिसले की फोटो काढतात आणि चहाच्या आत ते ग्रुपवर टाकतात. मी व्हायकिंग रंगवतो.

हे वाक्य सोसायटीत उच्चारणं सोपं नाही. 'वारली काढतो' म्हटलं असतं तर लोकांनी माना डोलावल्या असत्या, कुणी जिन्यातली भिंतही देऊ केली असती. व्हायकिंग म्हटल्यावर मात्र सविस्तर खुलासा करावा लागतो. तो असा: नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन या बाजूची ही दर्यावर्दी मंडळी. इ. स. ७९३ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या लिंडिसफार्न बेटावरचा मठ लुटला आणि पुढची पावणेतीनशे वर्षं युरोपच्या किनाऱ्यांना धड झोपू दिलं नाही. १०६६ साली स्टॅमफर्ड ब्रिजच्या लढाईत नॉर्वेचा राजा पडला आणि हे प्रकरण ढोबळमानाने मिटलं. आता ही मंडळी टेबलावर लढतात, फासे टाकून. त्या लढायांची नियमपुस्तकं मिळतात, एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने तर १९१३ सालीच खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम छापले होते. सैनिक मात्र कोरे येतात, राखाडी प्लास्टिकचे. रंग आपण द्यायचा.

सगळं शांतपणे ऐकून घेऊन आमच्या सेक्रेटरींनी विचारलं, "म्हणजे दरोडेखोर विकत आणायचे आणि त्यांना कपडे चढवायचे?"

"हो."

"आणि मग?"

"मग कपाटात ठेवायचे."

घरचा अभिप्राय याहून नेमका होता. "अहो, ही भातुकलीच की," बायको म्हणाली. "फक्त बाहुलीला दाढी आहे."

दाढीवाल्या बाहुल्यांचं माप २८ मिलिमीटर. ते तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजतात, कारण वर कुणाच्या डोक्यावर शिरस्त्राण असतं तर कुणी बोडका असतो. प्लास्टिकच्या चौकटीत धडं, मुंडकी, हात, ढाली सगळं सुटंसुटं अडकवलेलं असतं. ते कापून काढायचं, साच्याची राहिलेली रेघ ब्लेडने खरवडायची आणि माणूस जोडायचा. इथे फेविक्विक वापरलं तर दोन वस्तू हमखास चिकटतात: त्याचा हात त्याच्या खांद्याला आणि त्याची कुऱ्हाड आपल्या बोटाला. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या ठसे घेणाऱ्या यंत्रासमोर बोट धरलं की यंत्र ओळख दाखवत नाही.

पुढची पायरी प्रायमर. जगभर तो फवाऱ्याने मारतात. पण जुलैतल्या नेरूळमध्ये फवाऱ्यातून निघालेला थेंब दमट हवेतून जाताना बिघडतो आणि व्हायकिंगवर रवाळ होऊन बसतो. शिवाय फवारायचं तर गच्चीवर, आणि गच्चीवर वाळवणाला परवानगी असली तरी दरोडेखोरांना नाही, असा कमिटीचा निर्णय आहे. म्हणून आम्ही पावसाळाभर प्रायमर ब्रशने लावतो. सावकाश होतं, पण शेजारसंबंध टिकतात.

मग खरा रंग. या छंदातले सगळे गुरू एकच मंत्र देतात: रंग पातळ करा, साय काढलेल्या दुधाइतका. मी हा मंत्र मोठ्याने वाचला, तेव्हा स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "कुठलं दूध? गाईचं, म्हशीचं की टोन्ड?" हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. कन्येने तीन बशांत तीन दुधं घेतली, बशा तिरक्या धरल्या आणि ओघळ किती पातळ राहतो ते पाहिलं. टोन्ड जिंकलं. म्हशीच्या दुधाइतका दाट रंग लावला तर चिलखताच्या कड्या बुजतात आणि व्हायकिंग स्वेटर घातल्यासारखा दिसतो. एक दाट थर देण्यापेक्षा दोन पातळ थर द्यावेत, एवढं या शास्त्राचं सार आहे. रंग वाळू नये म्हणून हवाबंद डब्यात ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग अशी ओली पॅलेट करतात. डबा पोळीचा होता. ऑगस्टमध्ये त्यात बुरशी आली, तेव्हापासून डबा माझा झाला.

ब्रशबद्दल या जगात फार सोवळं आहे. सायबेरियातल्या कोलिन्स्की नावाच्या प्राण्याच्या शेपटीचे केस उत्तम मानतात. १८६६ साली व्हिक्टोरिया राणीने विन्झर अँड न्यूटन कंपनीला फर्मावून करून घेतलेल्या ब्रशांची मालिका अजून चालू आहे. आपल्याकडे जुने चित्रकार मुंगसाच्या केसांचे ब्रश वापरत. पण मुंगूस वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे आणि त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे. तेव्हा कुणी खास माल म्हणून काढून दाखवला, तर घेऊ नका. दरोडेखोर रंगवताना आपण तरी कायदा पाळावा. सिंथेटिक ब्रशने काम छान होतं. त्याचं टोक लवकर वाकडं होतं, पण ते शेवाळ रंगवायला उपयोगी पडतं.

अंगरखा, विजार, कातडी पट्टा असं एकेक झालं की 'वॉश' द्यायचा: पातळ काळपट रंग, जो आपोआप खोलगट भागांत जाऊन बसतो आणि चुण्यांना सावली देतो. या छंदातले लोक त्याला बाटलीतली प्रतिभा म्हणतात. ज्याला चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत 'सी' मिळाला होता, त्याला या बाटलीची किंमत कळते.

बाटली जिथे चालत नाही ती जागा म्हणजे डोळे. एका मिलिमीटरहून लहान जागेत पांढरं आणि त्यात बुबुळ. जरा चुकलं की लिंडिसफार्नचा कर्दनकाळ चकणा होतो, नाहीतर भूत बघितल्यासारखा दिसतो. यावर सल्ला कुणाचा घ्यावा, या विचारात असताना लक्षात आलं की डोळ्यांच्या बाबतीत जगात अधिकारी असलेली माणसं पनवेलच्या पुढे तासाभरावर आहेत. पेण आणि हमरापूर परिसरात गणपती घडतात, आणि गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी सगळ्यांना करू देत नाहीत. ते बसलेल्या हाताचं काम. आषाढातल्या एका रविवारी मी खिशात व्हायकिंग घेऊन पेण गाठलं.

आखणी करणारे काका एका हाताखाली दुसरा हात टेकवून बसले होते. मूर्तीसमोर नाक आणलेलं, श्वास अर्धा सोडलेला आणि तिथेच थांबवलेला. पापणीची रेघ एका दमात बाहेर गेली आणि शेवटाला आपोआप बारीक झाली. ब्रश उचलला गेला की नाही, तेही कळलं नाही. पुढची मूर्ती. मी दबकत व्हायकिंग पुढे केला. त्यांनी तो तळहातावर घेतला, उजेडाकडे फिरवला.

"हा कुठला देव?"

"देव नाही काका. दरोडेखोर आहे."

"मग एवढी मेहनत कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. पण काकांनी विद्या लपवली नाही. "कोपर टेका. रेघ श्वास सोडताना मारा. आणि बाहेर गेली तर पुसू नका, अंगाच्या रंगाने आत ढकला." चिमुकल्या सैनिकांचे डोळे करण्याची पद्धत हीच आहे: डोळा थोडा मोठा काढायचा आणि कातडीच्या रंगाने चहूबाजूंनी लहान करत आणायचा. कॅम्लिनच्या दांडेकरांनी १९३१ मध्ये शाईपासून सुरुवात केली, तेव्हापासून मराठी मुलांच्या पिढ्या रंगपेटीतला रंग रेषेच्या आत ठेवायला शिकल्या. रंग बाहेर गेल्यावर काय करायचं, ते पेणला शिकवतात.

पुढचा वाद ढालींवरून झाला. १८८० साली नॉर्वेत गोकस्टाड इथे एका टेकाडाखाली अख्खं जहाज सापडलं. त्यावर ६४ ढाली होत्या, एक काळी आणि एक पिवळी अशा आळीपाळीने रंगवलेल्या. मी हे इमानेइतबारे टेबलावर उतरवलं. कन्या कॉलेजातून आली, एक नजर टाकली आणि म्हणाली, "बाबा, टॅक्सी स्टँड मस्त झालाय." पद्मिनी टॅक्सी २०२३ साली मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, आमच्या दिवाणखान्यात त्यांचे रंग आले, तेही पुराव्यानिशी.

शिंगांचा प्रश्न याहून नाजूक. घरी येणारा प्रत्येक पाहुणा व्हायकिंग उचलतो आणि विचारतो, "शिंगं कुठे गेली?" शिंगं नव्हतीच. १८७६ साली जर्मनीतल्या बायरॉइट इथे वाग्नरच्या संगीत नाटकांसाठी कार्ल एमिल डोप्लर यांनी पोशाख केले, त्यातल्या टोपांनी ही शिंगं जगाच्या डोक्यात पक्की बसवली. म्हणजे हा नाटकमंडळीचा उद्योग. ज्या देशात पौराणिक नाटकांच्या पोशाखांवरून देवांचे मुकुट ठरले, त्या देशातल्या माणसाने त्यावर फार हसू नये. नॉर्वेत गेरमुंडबू इथे १९४३ मध्ये सापडलेलं शिरस्त्राण हा आजही व्हायकिंगांच्या शिरस्त्राणाचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. त्याला शिंगं नाहीत, डोळ्यांभोवती लोखंडी चष्मा आहे. त्यात मोठी सोय अशी की असं शिरस्त्राण घातलेल्याचे डोळे रंगवावे लागत नाहीत. माझ्या फौजेत चष्मेवाल्यांचं प्रमाण इतिहासापेक्षा जास्त आहे.

रंग बिघडलाच तर डेटॉल. व्हायकिंगला त्यात रात्रभर बुडवून ठेवलं की अॅक्रिलिक सुटतं आणि टूथब्रशने घासलं की प्लास्टिक पुन्हा कोरं. हे स्नान आमच्याकडे शनिवारी असतं आणि त्यालाही इतिहासाचा आधार आहे. तेराव्या शतकातल्या एका इंग्रजी बखरीत तक्रार आहे की हे डेन लोक रोज केस विंचरतात, दर शनिवारी आंघोळ करतात, वरचेवर कपडे बदलतात आणि त्यामुळे आपल्या बायका त्यांच्यावर भाळतात. मी हे घरात वाचून दाखवलं. "त्यांच्याकडून एवढं तरी शिका," असं उत्तर आलं.

एवढ्या लांबची माणसं नेरूळमध्ये काय करतात, असंही विचारलं जातं. त्याला माझ्याकडे चोख उत्तर आहे. स्वीडनमधल्या हेल्गो बेटावर १९५६ मध्ये व्हायकिंगांच्या मुलखात, उत्खननात काशाची छोटी बुद्धमूर्ती सापडली. उंची साडेआठ सेंटिमीटरांच्या आतबाहेर, घडवलेली सहाव्या शतकाच्या सुमारास, भारतीय उपखंडाच्या वायव्य टोकाला. आपल्याकडून एक छोटी मूर्ती तिकडे गेली होती. तिकडून काही छोटे लोक इकडे आले. फिटंफाट.

आणि तसं पाहिलं तर हा छंद परका नाहीच. मराठी माणूस लहानपणी हेच करत असतो, दिवाळीत. दगड, माती, पोतं, त्यावर किल्ला. टेबलावरच्या लढाईसाठी नकली गवताची पाकिटं विकत मिळतात; आपण अळीव पेरतो. रस्त्यांना विटेची भुकटी, पायथ्याला रंगवलेला भुसा. फरक फक्त मापाचा. तिकडे राजा आणि शिपाई एकाच उंचीचे. आपल्या किल्ल्यावर महाराज सहा इंचांचे, मावळा दोन इंचांचा, गवळण दरवाजापेक्षा उंच आणि पायथ्याला बुरुजाएवढा वाघ. पाश्चात्त्य माणूस याला प्रमाणाचं अज्ञान म्हणेल. मला वाटतं, आपल्याकडे माप हे मानाप्रमाणे असतं.

याची खात्री गेल्या दिवाळीत पटली. सोसायटीतल्या पोरांनी किल्ले स्पर्धेसाठी सिंधुदुर्ग केला होता, निळी ताडपत्री पसरून समुद्रासकट. आदल्या रात्री दारात चौघं हजर. "काका, शत्रू द्या ना. मावळे आहेत, शत्रूच नाहीत." मी फौज दिली. सकाळी १६६४ साली पायाभरणी झालेल्या किल्ल्याच्या पायथ्याशी सहाशे वर्षं उशिरा पोहोचलेले व्हायकिंग उभे होते, काळ्या-पिवळ्या ढाली घेऊन, मावळ्यांच्या कमरेला लागत. परीक्षक म्हणून आलेल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी वाकून पाहिलं.

"हे कोण?"

"पोर्तुगीज," गटप्रमुख म्हणाला.

सरांनी चष्मा सरळ केला, मावळे पाहिले, मग शत्रू पाहिले. "शत्रू बरोबर लहान दाखवलाय," म्हणाले आणि पहिला नंबर दिला. गेरमुंडबूचं शिरस्त्राण, गोकस्टाडच्या ढाली, कड्या न बुजलेली चिलखतं यांचं कौतुक कुणी केलं नाही. बक्षीस कमी उंचीला मिळालं.

तुळशीचं लग्न लागलं की किल्ला मोडतात आणि मोठं झालं की तो बांधणंच सोडून देतात. त्यातलं पहिलं ठीक आहे, दुसऱ्याची गरज नाही. येत्या दिवाळीत रंगवलेले मावळे आणण्याऐवजी कुंभाराला सांगून चार कोरे आणा. रंग टोन्ड दुधाइतका ठेवा, कोपर टेका, डोळे शेवटी करा. मावळे झाल्यावर शत्रू कमी पडले, तर नेरूळला या. आमच्याकडे भरपूर आहेत. शिंगवाले मात्र मिळणार नाहीत.