जड पिशवी आधी

मुंबईला जायचं म्हटलं की साताऱ्यात "काय बघणार?" असं कुणी विचारत नाही. "कुणाकडं उतरणार?" असं विचारतात. पोवई नाक्यावर विचारतात, राजवाड्यापाशी विचारतात, एसटीचा कंडक्टर तिकीट देतादेतासुद्धा विचारतो. आमच्या हिशेबी मुंबई हे शहर नाहीच, ती भावकीची वाढीव वस्ती आहे. पाटण तालुक्यातले माथाडी कोपरखैरणे-घणसोलीत, जावळीकडची मंडळी भांडुप-घाटकोपरात, खानापूर-आटपाडीचे गलाईवाले झवेरी बाजाराच्या गल्ल्यांत. या सगळ्यांच्या मध्ये कुठंतरी समुद्र आहे आणि गेटवे ऑफ इंडिया आहे, एवढं आम्ही ऐकून असतो.

मी स्वतः मुंबईला गेलोय, पण एका फायलीच्या मागं. रात्रीच्या गाडीनं गेलो, दुसऱ्या रात्रीच्या गाडीनं परत. त्यात जी मुंबई दिसली ती रांगेतल्या पुढच्या माणसाच्या पाठीएवढी. आईनं आणि मुलीनं तर तेवढीही पाहिलेली नाही. बायकोची शाळेची सहल गेली होती, पण त्या सहलीत ती बसमध्येच झोपून होती, असं तिचा भाऊ आजही चारचौघांत सांगतो. तेव्हा यंदा मे महिन्यात सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं आणि मुलीनं वही काढली.

मुलगी कॉलेजात जाते, त्यामुळं तिला पद्धतशीरपणाची हौस आहे. मुंबई भागाभागानं बघायची, असं तिनं जाहीर केलं. विचार शहाणपणाचा होता. मुंबई लांबलचक आणि चिंचोळी. चर्चगेटपासून विरार साठ किलोमीटर. साताऱ्याहून निघालेला माणूस तेवढ्यात कराड ओलांडून पुढं जातो. अशा गावात सकाळी कुलाबा, दुपारी बोरिवली आणि संध्याकाळी परत मरीन ड्राइव्ह केलं, तर बघायला मिळतात ती फक्त लोकलची हँडलं. म्हणून एक दिवस नुसता फोर्ट: सीएसएमटीची इमारत, तिथून चालत फ्लोरा फाउंटन, राजाबाई टॉवर, काळा घोडा, संग्रहालय आणि शेवटी १९२४ सालचा गेटवे. एक दिवस गिरगाव: खोताची वाडी, चौपाटी, वर वाळकेश्वरला बाणगंगा. मग भायखळा-लालबाग-परळ. मग वांद्रे. रंगीत पेनांनी चौकोन आखून तिनं त्या पानाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला.

घरच्या ग्रुपवर म्हणजे दोन जिल्ह्यांत. माझी बायको सांगलीची. १९४९ साली सरकारनं आमच्या जिल्ह्याचे दोन तुकडे केले, खालच्या तुकड्याला आधी दक्षिण सातारा आणि १९६० साली सांगली असं नाव दिलं. सरकारनं तोडलेलं ते आमच्या लग्नानं परत जोडलं आणि तेव्हापासून घरात सीमावाद आहे. मुंबई नक्की कुणाची, हा त्यातला चालू मुद्दा.

मेव्हण्याचा पहिला मेसेज आला, "दाजी, चौकोन कसले आखताय? आमचे विष्णुदास भावे १८५३ साली सांगलीहून अख्खी नाटक मंडळी घेऊन मुंबईला गेले. देव, राक्षस, सोंगं, सगळ्यांसकट." मला उलट बोलता आलं नाही, कारण ते खरं आहे. त्याच वर्षी १६ एप्रिलला रेल्वे सुरू झाली, पण ती बोरीबंदर ते ठाणे. बोरघाट चढायला तिला १८६३ साल उजाडलं. म्हणजे राक्षसांना घाट आपापला उतरावा लागला असणार. मेव्हण्याचा दुसरा मेसेज: "आणि वाटेगावचे अण्णाभाऊ साठे लहानपणी घरच्यांबरोबर चालत गेले. चालत! त्यांनी विचारलं होतं का, वांद्रे कितव्या दिवशी?"

आता साताऱ्याची अब्रू राखणं भाग होतं. मी लिहिलं की अण्णाभाऊ गेले तेव्हा वाटेगाव सातारा जिल्ह्यातच होतं. शिवाय मुंबईची पोती वाहणाऱ्यांना १९६९ सालचा माथाडी कायदा मिळवून देणारे अण्णासाहेब पाटील आमच्या पाटण तालुक्याचे. आणि ज्याला लोक अजून क्रॉफर्ड मार्केट म्हणतात ती महात्मा फुले मंडई; फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. म्हणजे मंडईसुद्धा आपलीच.

आई शेजारी शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "आपली हाय, तर मग तिथं पिशव्या ठेवता येतील का?"

पिशव्यांचा विषय असा निघाला आणि मुलीच्या चौकोनांचं जे व्हायचं ते झालं. साताऱ्याहून मुंबईला रिकाम्या हातानं जाणारा माणूस मी पाहिलेला नाही. आत्याला ज्वारी लागते, कारण भांडुपची ज्वारी तिच्या मते चिकट असते. कोपरखैरण्याच्या चुलतभावाला कोरेगावचा वाघ्या घेवडा. कंदी पेढे सगळ्यांना, आणि ते एकाच दुकानातले. दुसऱ्या दुकानाचे नेले तर खोक्यावरचं नाव वाचून लोक गप्प बसतात. बायकोच्या माहेरून एसटीनं हळद आली, तासगावचा बेदाणा आला, भडंगाची पोती म्हणावीत अशी पाकिटं आली. भडंगाला वजन नसतं पण जागा लागते. ज्वारीचं बरोबर उलटं. हे सगळं घरात जमल्यावर आईनं एका वाक्यात कार्यक्रम ठरवला, "जड पिशवी आधी."

हा नियम वाटतो तितका अडाणी नाही. मुंबईत लोकलमध्ये एकदा पोतं घेऊन चढलेला माणूस दुसऱ्यांदा चढत नाही. त्यामुळं जो पाहुणा सगळ्यात जड, तो पहिला. त्या हिशेबानं पहिल्या दिवशी फोर्टच्या जागी भांडुप आलं. दुसऱ्या दिवशी घेवडा, म्हणजे कोपरखैरणे. तिसऱ्या दिवशी बोरिवलीच्या मावशीची हळद. जसजसं ओझं हलकं होईल तसतशी मुंबई दिसू लागेल, असा एकूण आराखडा होता. मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "आजी, अगं गेटवे!"

"गेटवेला कुणाला काय द्यायचं हाय का?" आईनं विचारलं.

नव्हतं. फोर्टात आमचं कुणी राहत नाही. हायकोर्ट, रिझर्व्ह बँक आणि पुतळे, यांच्यापैकी कुणालाच ज्वारी लागत नाही. ज्या भागात एक कप चहा टाकणारं माणूस नाही त्या भागासाठी अख्खा दिवस कशाला, हा आईचा सवाल. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण नैतिक बळ तिच्या बाजूला होतं. जुलै २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा ती बघायला मुंबईचे सगळे पाहुणे आमच्याकडं उतरले होते. गाद्या कमी पडल्या म्हणून मी गच्चीवर झोपलो होतो, आणि जुलैतली साताऱ्याची गच्ची म्हणजे काय ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. आता तेवढ्यांच्या घरी जाणं हा पाहुणचार नाही, वसुली आहे.

मधल्या काळात तात्या आले. तात्या म्हणजे माझे चुलते, परळच्या गिरणीत तिसऱ्या पाळीचे कामगार. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, तेव्हा चार दिवस गावाकडं जाऊन येऊ म्हणून आले ते आलेच. तो संप रीतसर मागं घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही, त्यामुळं काटेकोरपणे पाहिलं तर तात्या अजून संपावरच आहेत. मुंबईवर त्यांचा शब्द अखेरचा. फक्त त्यांची मुंबई गिरण्यांच्या गेटांवरून चालते.

"लोअर परळला उतरायचं. फिनिक्सच्या गेटासमोरनं सरळ जायचं."

"तात्याआजोबा, तिथं मॉल आहे आता."

"बरं. मग कमला मिलच्या अंगानं घ्या."

"तिथं ऑफिसं आहेत. हॉटेलं."

"कोहिनूर?"

"टॉवर."

"आरं मग इंदू मिल तरी?"

"तिथं बाबासाहेबांचं स्मारक होतंय."

"ते झ्याक झालं," तात्या म्हणाले आणि थोडा वेळ नुसते पानपुडा चाचपत राहिले. मग म्हणाले, "पर मुंबई भागाभागानं बघायची नसती. पाळीपाळीनं बघायची असती. लालबाग रातचं बघावं." त्यांनी ते रात्रीचंच पाहिलंय. दिवसा गावच्या खोलीत झोपायचा नंबर असायचा. एका खोलीत अख्ख्या गावची माणसं, पाळीनं कामाला आणि पाळीनं अंथरुणाला. पहिल्या पाळीचा माणूस उठला की त्याच्या ऊबदार गादीवर तात्या.

दादरबद्दल मात्र साताऱ्यापासून सांगलीपर्यंत एकमत आहे. "दादरला उतरा, तिथनं कुठंबी जावा." सल्ला बरोबर आहे, कारण सेंट्रल आणि वेस्टर्न दोन्ही लाइनी तिथं भेटतात. पण तात्यांच्या काळी दादरला एक नंबरचे फलाट दोन होते, एक या लाइनीचा, एक त्या लाइनीचा. डिसेंबर २०२३ मध्ये रेल्वेनं सेंट्रलचे आकडे आठपासून सुरू केले. तात्यांचं याबद्दल म्हणणं असं, की आठ नंबर जुन्यांना विचारून टाकायला हवा होता. मुंबईतली ट्राम १९६४ साली बंद झाली तरी दादर टीटी आहे ना अजून, मग फलाटालाच काय धाड भरली?

मेव्हण्याची काळजी आणखी वेगळी. तो कृष्णाकाठचा. आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५, आणि २०१९ साली पाणी सत्तावन्नच्या वर गेलं, हे आकडे त्याला पोरांच्या जन्मतारखांपेक्षा पाठ आहेत. कुठल्याही गावाचं नाव काढा, तो पहिल्यांदा तिथं पाणी कुठवर येतं ते विचारतो. त्यानं मुलीच्या पानावर लाल पेनानं हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे अशा खुणा करून पाठवल्या. खाली लिहिलं, "दाजी, कितव्या मजल्यावर उतरणार हाय?"

"अरे, मे महिन्यात जातोय आम्ही."

"२०२५ साली मुंबईत २६ मेलाच पाऊस लागलावता. कितवा मजला?"

भांडुपची आत्या पहिल्या मजल्यावर राहते हे मी त्याला सांगितलं नाही. त्यानं होडी पाठवली असती.

आईनं स्वतःहून मागितलेली जागा एकच, राणीची बाग. तिथं पेंग्विन आहेत असं तिला कीर्तनात कळलं होतं. बाग बुधवारी बंद असते, एवढं मुलीनं लगेच वहीत टिपलं आणि सांगितलं की पेंग्विन २०१६ साली कोरियाहून आणलेत, खास गार केलेल्या खोलीत राहतात.

"म्हंजी लांबनं आलंय बिचारं," आई म्हणाली. "त्याचं कोण हाय मुंबईत?"

कुणी नाही म्हटल्यावर ती हळहळली. त्याला काय न्यावं, असा विचारही तिच्या चेहऱ्यावर दिसला. पण मासे खातात हे कळल्यावर माळेला हात लावून गप्प झाली. पेंग्विन राहिले, पण लांबून बघायचे, या अटीवर.

मुलगी हटली नाही. तिनं नवा तोडगा काढला: आरे ते कफ परेड मेट्रो २०२५ पासून पूर्ण सुरू झालीय, जवळजवळ सगळी जमिनीखालून, गर्दी टाळून तासाभरात फोर्ट गाठता येईल. आई म्हणाली, "मुंबई बघायला पैसं भरायचं आणि जायचं जमिनीखालनं?" यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं.

खरी अडचण भांडुप आणि बोरिवलीची होती. आत्या सेंट्रलवर, मावशी वेस्टर्नवर. दोघींचा एकमेकींवर फार जीव, पण मुंबईत राहायला गेल्यापासून एकमेकींच्या घरी गेलेल्या नाहीत. लाइन बदलायची म्हणजे त्यांना परमुलखात गेल्यासारखं वाटतं. दोघी भेटतात त्या दर वर्षी आमच्या गावच्या जत्रेत, आणि भेटल्या की मुंबईत किती गर्दी झालीय यावर बोलतात. एकीकडं मुक्काम केला आणि दुसरीकडं नुसता चहा घेतला तर पुढच्या जत्रेपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. म्हणून रात्रींची समान वाटणी केली, जेवणं मोजली, साड्या मोजल्या. वांद्रे कधीच गळालं होतं. गिरगाव चौपाटी 'जमल्यास' या सदरात गेली. फोर्ट राहिला तो परतीच्या गाडीआधी, सीएसएमटीच्या दारातून जितका दिसेल तितका.

तिकिटं काढायच्या आदल्या दिवशी आत्याचा फोन आला. "आरं, कवा येताय म्हनलास? आम्ही न्हाय हितं. जत्रा हाय न्हवं गावाला! मावशीबी येतीया. कोपरखैरण्याचं समदं येत्यात, गाडी ठरवलीया."

मुलीच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तेज आलं. "बाबा, म्हणजे मुंबईत कुणीच नसणार! लॉजवर राहू, सगळा फोर्ट चालत बघू, वांद्रेसुद्धा!"

आई म्हणाली, "कुणी नसताना मुंबईत जाऊन बघायचं काय? कुलपं?"

ज्वारीचं पोतं कोपऱ्यात सरकवलं. आत्या आली की जाताना गाडीतून घेऊन जाईल. भडंग जत्रेच्या पाहुण्यांपुढं ठेवायला होईल. गाद्यांचा हिशेब करायला बायको वर गेली, मी गच्चीकडं एकदा बघून घेतलं. मुलीनं वहीचं पान उलटलं आणि नव्या कोऱ्या पानावर जुलैची तारीख टाकून ग्रुपवर पाठवली.

सांगलीहून लगेच उत्तर आलं. "कितवा मजला?"