पावणेतीन इंचांत एवढा नट्टापट्टा!

ऐकलंत का? फर्मवेअर लिहिणाऱ्या मंडळींनी पार लाज सोडली. हीच ती माणसं बरं का, जी एकेका बाइटसाठी सख्ख्या भावाशी वैर धरायची! ८०५१ मध्ये रॅम किती, तर १२८ बाइट. त्यात टायमर, की-पॅड आणि सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा हिरवट एलसीडी, एवढा संसार गुण्यागोविंदाने चालायचा. 'पंप ऑन' अशी अक्षरं उमटली की गिऱ्हाईक खूश, आपणही खूश. आणि आज तोच सभ्य गृहस्थ बटणाचे कोपरे ६ पिक्सेलांनी गोल करावेत की ८, यावर शेजारच्या टेबलाचं मत घेत बसलाय. तेही भरदिवसा, पगारी वेळेत!

बाधा कुठून लागली ते सगळ्यांना ठाऊक आहे. हंगेरीतल्या गाबोर किश-वामोशी यांनी २०१६ मध्ये एक ग्राफिक्स लायब्ररी लिहायला घेतली. आधी तिचं नाव लिटलव्हीजीएल होतं, आता एलव्हीजीएल. सी भाषेतली, एमआयटी परवान्याची, म्हणजे फुकट. मागणं तरी किती माफक: १६ मेगाहर्ट्झची चिप आणि ६४ केबी फ्लॅश, असं तिच्याच कागदपत्रांत लिहिलंय. शिफारस मात्र १८० केबीची आहे, हे वाचायला कुणाला सवड असते? २०२१ मध्ये तिची आठवी आवृत्ती आली ती फ्लेक्स आणि ग्रिड सोबत घेऊनच. ज्या वेबवाल्यांच्या थेरांना इतकी वर्षं नाकं मुरडली, ती सगळी थेरं बॉर्डर, पॅडिंग, आउटलाइन, शॅडो अशी नावं घेऊन मायक्रोकंट्रोलरच्या माजघरात शिरली.

त्यात बॉर्डर तशी घरंदाज. विजेटची जी रुंदी सांगाल तिच्या आतच राहते, पॅडिंगही आतच. १०० पिक्सेलांचा डबा घ्या, दोन्ही बाजूंनी २ ची बॉर्डर नि १० चं पॅडिंग द्या, आतल्या मजकुराला ७६ उरतात. हिशेब सरळ आहे. गंमत बघा, रुंदी अशी मोजल्याबद्दल एकेकाळी इंटरनेट एक्सप्लोरर ५ ला अख्ख्या वेबने वाळीत टाकलं होतं. पुढे वेबनेच 'बॉर्डर-बॉक्स' म्हणून तीच रीत मानाने घरात घेतली, आणि तिला नावं ठेवणारे आता ती नसेल तर हळहळतात.

आउटलाइनचं मात्र काही विचारू नका. ही विजेटच्या बाहेर काढली जाते, मापात धरली जात नाही, जागेचं भाडं म्हणून एक पिक्सेल देत नाही. चाळीत शेजाऱ्याच्या गॅलरीत आपले कपडे वाळत घालावेत, तसला प्रकार. यंत्राला टचस्क्रीन नसेल, नुसता फिरवायचा नॉब असेल, तर फोकस कुठल्या बटणावर आहे ते हीच बाई दाखवते, म्हणून तिला घालवताही येत नाही. आता बाप-कंटेनरचं पॅडिंग कुणी हौसेने शून्य केलं, की कडेच्या बटणाची आउटलाइन डावीकडून कापली जाते, कारण बाप आपल्या हद्दीबाहेर पोरांचं काही दिसू देत नाही. मग डिस्प्लेचा ड्रायव्हर चुकला का, बफर लहान पडला का, यावर उभ्या ऑफिसची परिषद भरते. बापाला चार पिक्सेल पॅडिंग द्या म्हणणारा अर्थात परिषदेला बोलावलेला नसतो.

हे शून्याचं खूळ तर साथीसारखं पसरलंय. तयार थीम सगळ्यांना आपल्या मनाचं पॅडिंग देते, ते नव्या पोरांना खपत नाही. हाती घेतलं विजेट की 'पॅड ऑल' शून्य! तरी ओळींमधली फट काही जात नाही. जाईल कशी? 'पॅड ऑल' म्हणजे चार बाजू. रांगांमधलं नि स्तंभांमधलं अंतर म्हणजे 'पॅड रो' आणि 'पॅड कॉलम', त्यांचं बिऱ्हाड वेगळं. नावात 'ऑल' आहे म्हणून सगळं आलं असं धरायचं, आणि संध्याकाळपर्यंत फटीकडे बघत बसायचं!

वैतागलेला माणूस मग शेवटचं अस्त्र काढतो: 'रिमूव्ह स्टाइल ऑल'. शिव शिव! भरसभेत वस्त्रहरण! आणि इथे धावून यायला कुणी नाही, कारण मूळ पार्श्वभूमीची अपारदर्शकता शून्य असते. बटण जागेवर असतं, दाबलंही जातं, दिसत मात्र नाही. अशा अदृश्य बटणांवर बोट ठेवून "टच बिघडलाय" म्हणणारे महाभाग कमी नाहीत.

बरं, वडिलोपार्जित म्हणून काही मिळेल, तर तेही अर्धवट. अक्षरांचा रंग नि फॉन्ट बापाकडून पोराकडे येतात, बॉर्डर नि पॅडिंग येत नाहीत. ज्याने त्याने आपलं कुंपण आपण घालावं. यात मला तरी शहाणपण दिसतं, नाहीतर प्रत्येक लेबलभोवती चौकट उगवली असती. काहीजण स्टाइलचं व्हेरिएबल फंक्शनच्या आत, स्टॅटिक न करता ठेवतात, ते प्रकरण मी चारचौघांत काढत नाही. फंक्शन संपलं की स्टाइलही निवर्तते, आणि बॉर्डर कुठल्या रंगाची निघेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

पण खरी उधळपट्टी सावलीची. पिवळ्या बोर्डावरचा तो ईएसपी३२ नि २.८ इंची पडदा हौशी मंडळींच्या टेबलावर हमखास असतो. पडदा ३२० बाय २४० चा, पिक्सेलला दोन बाइट, म्हणजे पूर्ण चित्र १,५३,६०० बाइटांचं. ४० मेगाहर्ट्झच्या एसपीआयवरून ते नुसतं पाठवायला ३१ मिलिसेकंद जातात. म्हणून लायब्ररी बिचारी बदललेला तुकडाच पाठवते. तुम्ही बटणाला २० पिक्सेलांची धूसर सावली दिलीत, की तुकडा चहूबाजूंनी फुगला, वर तो धूसरपणा पिक्सेलगणिक मोजायचं काम आलं. वेगळी ग्राफिक्स चिप नाही, सगळा भार एकाच गड्यावर. यादी सरकवताना अडखळणारच. सावली साठवून ठेवायची सोयही आहे म्हणे, पण तिला रॅम लागते आकाराच्या वर्गाइतकी: ४० ला १,६०० बाइट. म्हणजे साडेबारा ८०५१ चे संसार एका बटणाच्या सावलीत!

आता अंतराबद्दल मात्र मी नाक मुरडणार नाही. ग्रीसने माखलेला हातमोजा घालून कुणी 'चालू' दाबायला जावं आणि अंगठा 'रद्द'वर पडावा, हे 'पॅड गॅप' दोनवर ठेवणाऱ्याचं पाप. दोनाचे दहा करायला काही मोठा खर्च नाही. अगदीच जागा नसेल तर दाबाचं क्षेत्र गुपचूप वाढवून देणारं फंक्शनही आहे. बटण दिसतं तेवढंच राहतं, बोटाला मात्र जास्त लागतं. पण मिरवता येत नाही ना, म्हणून ते फारसं कुणी वापरत नाही.

आणि त्यापुढची बातमी? आठव्या आवृत्तीत मार्जिन नावाची चीजच नव्हती, अंतर काय ते बापाने द्यायचं. जानेवारी २०२४ मध्ये नववी आली आणि पोरांच्या हातात स्वतंत्र मार्जिन पडलं. झालं! घराघरांत दोन तट. परवाच एक पोरगा स्क्रीन घेऊन ज्येष्ठांपुढे उभा: "सर, इथे गॅप देऊ की मार्जिन?"

"अरे, आधी ती सावली काढ. मग बोलू."