उलटे तरंगणाऱ्या गोल्डफिशला अनावृत पत्र

रा. रा. सोनेराव गोल्डफिश यांस,
मुक्काम काचपेटी, टीव्हीशेजारी, गोंदिया.

सा. न. वि. वि.

तीन दिवस झाले, आपण पोट वर करून तरंगत आहात. हे पाहुण्याला शोभत नाही. आमच्या पाहुणचारात काय कमी पडलं, ते तरी कळू द्या. सकाळी शाळेला निघताना चिरंजीव चिमूटभर दाणे टाकतात. दहा वाजता मातोश्री ताटातली चार शितं वाढतात. धानाच्या जिल्ह्यात कुणी उपाशी राहू नये हा त्यांचा नेम. दुपारी सौभाग्यवती घालतात, कारण सकाळी कुणी घातलं की नाही हे त्यांना कुणी सांगत नाही. संध्याकाळी आल्यागेल्याच्या बशीतला बिस्किटाचा चुरा. रात्री मी. आपण काचेशी येऊन तोंडाची उघडझाप करता, ती मला भूक वाटली. तो श्वास होता म्हणे.

आपल्याला जठरच नाही, हे आपण आधीच सांगायला हवं होतं. गिळलेलं थेट आतड्यात जातं. कोरडे दाणे फुगतात, आतडं तुंबतं, हवेच्या पिशवीवर दाब येतो आणि तोल सुटतो. बहुधा आपलं तेच झालं आहे. अन्नाला नाही म्हणणं आपल्या जातीला जमत नाही, आणि आग्रह सोडणं आमच्या.

उपचारांत मात्र आम्ही हयगय केली नाही. शेजारच्या काकांनी टेट्रासायक्लिनची कॅप्सूल पाण्यात फोडली. फिल्टरच्या स्पंजात काही जिवाणू राहत असत. उरलेलं अन्न आणि आपली घाण यांतून होणाऱ्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट, मग नायट्रेट करत. निम्मे काकांच्या कॅप्सूलने गेले असतील. उरलेल्यांना मी नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्यात स्पंज खळखळून धुताना निरोप दिला. पेटी काय चकचकीत दिसत होती! आत्याबाईंनी तर निदानच केलं, ‘घरावरचं अरिष्ट माशाने अंगावर घेतलं.’ खरं आहे. अरिष्ट घरातच आहे आणि दिवसातून पाच वेळा दाणे टाकतं आहे.

शेवटी मासळी बाजारातल्या एका ढिवर आजीबाईंना विचारलं. मासा आजारी आहे, हे ऐकूनच त्या हसल्या. ‘पहिले पानी पाहा,’ म्हणाल्या, आणि मरळ कापायला लागल्या. त्यांचा सगळा जन्म तलाव-बोड्यांच्या काठी गेलेला. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं सांगतात. त्यात राहणारे रोहू-कतला आपल्याच कुळातले, दूरचे चुलतभाऊ. त्यांच्या उशाशी डबा घेऊन आमच्या मातोश्री बसलेल्या नसतात.

तर आता फर्मान असं. तीन दिवस कडकडीत उपास. रोज चौथाई पाणी बदलायचं, तेही आदल्या दिवशी बादलीत उघडं ठेवलेलं आणि पेटीतल्या पाण्याइतकंच कोमट. वीज गेली आणि हवेचा पंप थांबला, की चिरंजीवांनी पेल्याने पाणी वरून ओतत बसायचं. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यात प्राणवायू तसाही कमी मावतो. चौथ्या दिवशी वाटाण्याचा एक दाणा उकडून, साल काढून, बोटाने चुरडून. फोडणी नाही. मातोश्रींनी जिऱ्याबद्दल विचारलं होतं.

पहिला दिवस पार पडला. मातोश्री स्वतः जेवल्या नाहीत. ‘लेकरू उपाशी’ म्हणून देवापुढे बसल्या आहेत. पेटीवर मी कागद चिकटवला आहे : ‘खायला घालू नये.’ त्याखाली सौभाग्यवतींनी पेनाने विचारलं आहे, ‘थोडंसंही?’

आपला कृपाभिलाषी,
यजमान

ता. क. : दाण्यांचा डबा रात्री कपाटावर ठेवला होता. स्वयंपाकघरातलं स्टूल आत्ता कपाटाशी दिसतं आहे.