पाच सेकंदांत आलापल्ली

पुण्यातल्या सहकाऱ्यानं वेब सर्व्हरच्या कोडमध्ये केलेला बदल चार-पाच ओळींचाच होता. नाव दिलं होतं 'किरकोळ सुधारणा'. ज्याला कुणी किरकोळ म्हणतं ते मी चष्मा पुसून वाचतो. ग्राहकाची रिक्वेस्ट पूर्ण यायची सर्व्हरनं किती वाट पाहायची, तो आकडा त्यानं 60 सेकंदांवरून 5 वर आणला होता. वर शेरा : 'माझ्याकडे व्यवस्थित चालतंय.' चालणारच. त्याच्याकडे फायबर आहे, माझ्याकडे आलापल्ली. इथल्या 'वनवैभव' जंगलातला सागसुद्धा घाईनं वाढलेला नाही.

बाहेरच्यांना वाटतं रिक्वेस्ट म्हणजे एक अखंड वस्तू. तशी ती नसते. आधी पहिली ओळ, मग होस्ट, कुकी वगैरे हेडर, आणि शेवटी एक कोरी ओळ. कोरी ओळ दिसेपर्यंत समोरच्याचं बोलणं संपलं की नाही, हे सर्व्हरला कळत नाही. एका पॅकेटात साधारण 1460 बाइट मावतात, आणि हल्लीच्या कुकी एवढ्या लठ्ठ, की एका पॅकेटात भागत नाही. मग 'होस्ट'मधलं 'हो' पोचतं आणि 'स्ट' अजून आष्टीला असतं. सर्व्हरनं तो होकार समजला नाही म्हणजे मिळवली.

पॅकेट हरवलं तर टीसीपी ते पुन्हा पाठवतं, पण दर वेळी आधीच्या दुप्पट थांबून. सुरुवात एका सेकंदानं धरली तर 1, 2, 4. म्हणजे सलग तीनदा हरवलेलं पॅकेट चौथ्यांदा निघतं तेच सातव्या सेकंदाला. आमच्याकडे पावसाळी दुपारी हे अपवादानं घडत नाही. तोवर पुण्याचा सर्व्हर पाचव्याच सेकंदाला 408 चा, म्हणजे 'वेळ संपली'चा, शिक्का मारून मोकळा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, म्हणून काही कुणी भामरागडचं नाव यादीतून खोडत नाही.

सहकारी मात्र अगदीच बिनबुडाचं बोलत नव्हता. 2009 साली रॉबर्ट हॅन्सननं 'स्लोलोरिस' नावाचं हत्यार जगापुढे आणलं. एकच संगणक शेकडो जोडण्या उघडतो, प्रत्येकीवर मधूनमधून एखादं हेडर सोडतो, कोरी ओळ कधीच पाठवत नाही. प्रत्येक जोडणीमागे एक कामगार बसवणारा तेव्हाचा अपाचे सर्व्हर त्यानं आडवा व्हायचा. (स्लो लोरिस हा प्राणी आपल्या देशात ईशान्येला आढळतो. आमच्या जंगलावर आळ नको.) पंचाईत अशी, की सर्व्हरच्या जागी बसून पाहिलं तर हा भामटा आणि शिष्यवृत्तीचा फॉर्म भरणारी अहेरीची पोरगी सुरुवातीला सारखेच दिसतात.

फॉर्म भरून देणाऱ्या इथल्या दुकानदाराला पाच सेकंदांचं सांगितलं, तर तो पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "गोल फिरून राहिलं ना जी! फिरून राहिलं म्हणजे चालू आहे."

गंमत म्हणजे अपाचेच्या पुढच्या आवृत्त्यांचा हिशेब बराचसा असाच आहे. हेडरसाठी आधी 20 सेकंद, मग आलेल्या दर 500 बाइटला एक सेकंद वाढवून, कमाल 40. जो थोडंथोडं का होईना पाठवतोय त्याला मुदत, जो नुसताच खोळंबून बसलाय त्याला नारळ. तेच मी रिव्ह्यूत सुचवलं. हेडरच्या नावानंतर, कोलनच्या आधी मोकळी जागा दिसली तर सरळ 400, म्हणजे 'रिक्वेस्ट चुकीची', द्यायचं, हा त्याचा दुसरा बदल मी मुकाट्यानं मंजूर केला. 2022 चा आरएफसी 9112 तेच सांगतो, आणि तिथं नेटवर्कची सबब चालत नाही.

त्यानं पुरावा मागितला. मी म्हटलं, तुझ्याच लिनक्सवर 'नेटेम' लाव, तीस टक्के पॅकेट हरवू दे आणि स्वतःच लॉगिन करून बघ. तासाभरानं उत्तर आलं : पाचाचे वीस केलेत, बाइटमागची सवलतही घातलीय. खाली आणखी एक ओळ : 'पण खरंच इतकं वाईट नेटवर्क कुठे असतं का?'

मी लगेच उत्तर लिहिलं. त्याला ते दुसऱ्या दिवशी मिळालं.