सुखाची बेरीज

तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांनी 1789 साली सुख मोजण्यासाठी तीव्रता, कालावधी, खात्री अशा सात कसोट्या दिल्या. तराजू मात्र दिला नाही. एकूण सुख वाढवील ती कृती योग्य, हा उपयुक्ततावादाचा रोखठोक हिशेब. 1967 मध्ये तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी एका विचारप्रयोगात त्यावर सुसाट ट्राम सोडली: सरळ गेली तर पाच कामगार ठार, वळवली तर एक. नफा चार जिवांचा. पुढे तत्त्वज्ञ ज्युडिथ थॉमसन यांनी रुळांवरच्या पुलावर एक लठ्ठ माणूस उभा केला. त्याला ढकलले की ट्राम थांबते. आकडे तेच, पण मघाचे हिशेबनीस आता खाली बघू लागतात. (लठ्ठ माणसाचे मत कोणी विचारत नाही.) बेंथम यांनी निदान स्वतःचा देह तरी उपयोगात आणला: 1832 मध्ये त्याचे विच्छेदन झाले आणि मेणाचे डोके लावलेला तो सजवलेला सांगाडा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आजही बसून आहे.