गाडी समुद्रात आहे

अटल सेतूवर आमची गाडी पहिल्यांदा चढली तेव्हा मागच्या सीटवरून आई म्हणाली, "अरे, आपण बुडतोय का?"

आईला समोर पूल दिसत होता, कठडे दिसत होते, पुढचा ट्रकही दिसत होता. पण तिची नजर खिळली होती डॅशबोर्डवरच्या स्क्रीनवर. तिथे नुसतं निळं होतं, आणि त्या निळ्याच्या मधोमध आमच्या गाडीचा लाल बाण एकटाच शिवडीच्या दिशेनं पोहत चालला होता. पूल २१.८ किलोमीटर लांब, त्यातले साधारण १६.५ किलोमीटर पाण्यावर. तेवढा सगळा वेळ नेव्हिगेशनमधली बाई इंग्रजीत एकच घोषा लावून बसली होती.

"काय म्हणतेय रे ती?"

"मागे वळा म्हणतेय."

"मग वळ की! तिला कळतं ते तुला कळत नाही?"

अडीचशे रुपये टोल भरलेला मराठी माणूस मागे वळत नसतो. मी बाईचा आवाज बंद केला आणि बोटीसारखी गाडी हाकत परळच्या मावशीकडे पोचलो. तिथे आईनं सगळ्यांना सांगितलं, की ह्यानं आम्हाला समुद्रातून आणलं.

दोष बाईचा नव्हता. गाडी २०१७ ची, तिच्या पोटातला नकाशा त्याच्याही आधीचा. त्या नकाशाच्या लेखी २०२४ साली सुरू झालेला पूल कुठून असणार? आम्ही राहतो पुण्यात, बावधनला. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्यरात्री स्फोटकं लावून पाडला, तो आवाज मी गच्चीतून ऐकला. गाडी मात्र तेव्हा बेसमेंटमध्ये झोपली होती. पुढची जवळजवळ तीन वर्षं ती मला रोज त्याच पुलाजवळून जायला सांगत होती. गेलेल्या माणसाचं पान वाढावं, तसं.

तुम्ही म्हणाल, फोन आहे ना? बायकोही तेच म्हणते. "अहो, दीडशे रुपयांची क्लिप आणा, फोन लावा, विषय संपवा." पण विषय नकाशाचा नव्हताच. विषय नव्वद हजारांचा होता. गाडी घेताना मधलं मॉडेल आणि टॉप मॉडेल यांत साधारण तेवढा फरक होता, आणि त्या फरकात मुख्य काय होतं, तर ही स्क्रीन आणि ही बाई. शोरूममध्ये बायकोनं तेव्हाच विचारलं होतं, "रस्ता विचारायला नव्वद हजार?" मी म्हणालो होतो, वसूल होतील. तेव्हापासून आठ वर्षं मी वसुलीवर आहे. फोन लावला की मी हरलो.

त्यात जूनपासून गाडीची तारीखही बिघडली. सकाळी सेल्फ मारला तर स्क्रीनवर २००५ साल. घड्याळातले तास-मिनिटं बरोबर, वारही बरोबर, फक्त वर्ष, महिना आणि तारीख भलतेच. मुलगी खूश झाली. "बाबा, गाडीच्या मते मी अजून जन्मलेच नाहीये. मग मी आज शाळेत कशी जाणार?"

मी हिशोब केला. फरक होता बरोबर १०२४ आठवड्यांचा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जीपीएसचे उपग्रह तारीख आपल्यासारखी सांगत नाहीत. ६ जानेवारी १९८० पासून कितवा आठवडा चालू आहे हा आकडा आणि त्या आठवड्यातली वेळ, एवढंच ते पाठवतात. आठवड्याच्या आकड्याला मूळ संदेशात जागा दिली दहा बिटांची, म्हणजे शून्य ते १०२३. त्यापुढे गेलं की पुन्हा शून्य. असं ऑगस्ट १९९९ मध्ये झालं, एप्रिल २०१९ मध्ये झालं, आता नोव्हेंबर २०३८ मध्ये होणार. आपण कितव्या फेरीत आहोत, हे ज्या त्या यंत्रानं आपल्या अकलेनं ठरवायचं. आमच्या गाडीची अक्कल बहुधा जूनमध्ये संपली आणि ती एक फेरी मागे गेली. पूर्ण आठवडे मागे गेली म्हणून वार तेवढा बिनचूक.

हे मी बायकोला समजावत असताना ती भाजी निवडत होती. समजलं ते आईला, आणि तेही अर्ध्या वाक्यात. "म्हणजे संवत्सरासारखं. हे विश्वावसु म्हटलं तर यंदाचं, की साठ वर्षांपूर्वीचं? नावं तीच, माणसानं शक बघायचा असतो. तुझ्या गाडीला शक कळेना झालाय." अमेरिकेनं जिथे दहा बिट मोजले तिथे आपल्या पंचांगानं साठ नावं आधीच वाटून ठेवली होती, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं. मी वाद घातला नाही.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. अपडेटचा आकडा ऐकून मी फोन दोन्ही हातांनी धरला. नव्वद हजार वसूल करायला आणखी पैसे घालणं म्हणजे हरवलेली सुई शोधायला मेणबत्ती जाळण्यासारखं. मग मुलीनंच शोधून काढलं, की कंपनी ते सॉफ्टवेअर फुकट उतरवून घेऊ देते. पेनड्राइव्हवर घ्या, गाडीला लावा, घरच्या घरी करा. "फुकट" आणि "घरच्या घरी" हे दोन शब्द एका वाक्यात आले की मला आवरणं कठीण असतं.

तेरा जीबीची फाइल रात्रभर उतरत होती. त्या रात्री घरात कोणी सिरियल बघायची नाही असा फतवा मी काढला आणि तो मोडला गेला, म्हणून रात्रभराची सकाळ अकरापर्यंत गेली. मग पेनड्राइव्ह. सूचनेत लिहिलं होतं, पेनड्राइव्ह 'फॅट३२' पद्धतीनं फॉरमॅट केलेला हवा. घरात पेनड्राइव्ह दोन. एक दोन जीबीचा, त्यात भाच्याची मुंज. दुसरा चौसष्टचा. चौसष्टचा फॉरमॅटला लावला तर लॅपटॉप फॅट३२ हा पर्यायच दाखवेना.

याचं कारण नंतर वाचलं आणि मला सरकारी कामाची आठवण झाली. विंडोजमधली ती फॉरमॅटची छोटी खिडकी १९९४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टमधल्या डेव्ह प्लमर यांनी लिहिली. फॅट३२ साठी बत्तीस जीबीची मर्यादा एका सकाळी त्यांनीच ठरवून टाकली. ती खिडकी तात्पुरती होती, नंतर कोणीतरी नीट करेल असा बेत होता, असं त्यांनीच पुढे सांगितलं आहे. तात्पुरती! आमच्या सोसायटीत गणपतीसाठी तात्पुरती टाकलेली पत्र्याची शेड आहे. तिला परवा चेअरमननी दुसऱ्यांदा रंग दिला.

तर शनिवारी दुपारी मी तपकीर गल्लीत. बत्तीसचा पेनड्राइव्ह मागितला तर दुकानदार म्हणाला, "एकशेअठ्ठावीस घ्या, थोडाच फरक पडतो." थोडाच फरक हे शब्द मी २०१७ साली एकदा ऐकले होते. बत्तीसचाच घेतला.

घरी येऊन झिप फाइल उलगडली, भरली, खाली जाऊन गाडीला लावली. गाडी म्हणाली, अपडेट सापडलं नाही. पुन्हा वर, पुन्हा खाली. चार वेळा. लिफ्ट बंद होती हे सांगितलं पाहिजे, म्हणजे सहानुभूती योग्य प्रमाणात मिळेल. चौथ्या खेपेला मुलीनं बघितलं आणि म्हणाली, "बाबा, फोल्डरच्या आत तेच फोल्डर आहे. आतलं बाहेर काढा." एवढंच होतं. डब्यात डबा होता आणि गाडी वरचं झाकण उघडून परत लावत होती.

रविवार, ६ जुलै. आषाढी एकादशी. (गाडीच्या मते २० नोव्हेंबर २००५. तोही रविवार.) सूचनांचं पत्रक मी छापून घेतलं होतं. ते वाचताना घरात जुनी व्रताची पोथी उघडल्यासारखं वाटत होतं. अपडेट चालू असता इंजिन बंद करू नये. पेनड्राइव्ह काढू नये. कोणतंही बटण दाबू नये. गाडी चालवू नये. बॅटरी उतरली आणि काम मध्येच थांबलं तर स्क्रीन कायमची जाऊ शकते. ही शेवटची सूचना म्हणजे सत्यनारायणाच्या कथेत व्यापाऱ्याची मुलगी प्रसाद न घेता जाते आणि तिच्या नवऱ्याची नाव बुडते, ती जागा. वेळ पन्नास मिनिटं. इंजिन एवढा वेळ चालू ठेवायचं तर बेसमेंटमध्ये धूर कोंडून माणूस मरायचा, म्हणून गाडी वर आणून पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये लावली. न्यूट्रल, हँडब्रेक, पेनड्राइव्ह, सुरू.

पहिली दहा मिनिटं मी ताठ बसून होतो. दार उघडायचं धाडस होईना, कारण दार उघडू नये असं लिहिलं नव्हतं, पण उघडावं असंही लिहिलं नव्हतं. साबुदाण्याची खिचडी बायकोनं खिडकीतून दिली. मराठी पुरुषाला पन्नास मिनिटं कशालाही हात न लावता बसवणं हा खरा उपास, खिचडीचा काय एवढा. एसीचं बटण दोनदा बोटाच्या टोकापर्यंत आलं होतं.

उभी गाडी, चालू इंजिन आणि आत खिचडी खाणारा माणूस, एवढं दिसलं की सोसायटी जमते. वॉचमनकाकांना वाटलं, घरात भांडण झालंय. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर खिडकीशी आले आणि त्यांनी पत्रक मागून घेतलं. आयुष्यभर कर्जाची कागदपत्रं वाचलेला माणूस, तळटीपेपासून सुरुवात केली. कोणीतरी पेट्रोल फुकट जातंय म्हणालं. कोणीतरी माझ्या भावाच्या गाडीचं असंच करताना काय झालं ते सांगायला लागलं, आणि मी काच वर केली. काचेचं बटण दाबलं हे नंतर लक्षात आलं. पोटात खड्डा पडला. पण आकडा पुढे सरकला. सदतीस टक्के.

आणि तेवढ्यात फाटकातून पाण्याचा टँकर आला.

बावधनमध्ये बाहेर पाऊस पडत असला तरी नळाला टँकरच येतो, हे बाहेरच्यांना पटत नाही. टाकीचं तोंड पाहुण्यांच्या पार्किंगच्या टोकाला आहे. पाइप तिथवर पोचायचा तर टँकरला बरोबर माझ्या जागेवर उभं राहायला हवं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी हातानं थांबा म्हणालो. तो म्हणाला, पुढे अजून तीन सोसायट्या आहेत. वरून, गॅलरी-गॅलरीतून, अंगाला साबण लावलेले आवाज येऊ लागले. एकीकडे साठ घरांच्या आंघोळी, त्याही एकादशीच्या. दुसरीकडे माझे सदतीस टक्के. विठ्ठलानंही कोणाची बाजू घेतली असती, सांगता येत नाही.

"पहिल्यात टाका आणि हळूच पुढे घ्या," वॉचमनकाका म्हणाले.

"गाडी चालवू नये असं लिहिलंय हो!"

बँक मॅनेजरनी चष्मा वर केला. पत्रकावर बोट ठेवलं. "चालवू नये, असं आहे. ढकलू नये, असं कुठे आहे?"

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. या माणसानं किती कर्जं मंजूर केली असतील आणि किती नामंजूर, आणि सगळी एकाच कलमाखाली.

मी हँडब्रेक सोडला. मागून वॉचमनकाका, टँकरचा ड्रायव्हर, त्याचा पोऱ्या, बँक मॅनेजर आणि माझी मुलगी अशा पाच जणांनी गाडी ढकलायला घेतली. इंजिन व्यवस्थित चालू, पॉवर स्टिअरिंग लोण्यासारखं फिरतंय, आणि गाडी माणसं ढकलतायत. फाटकातून आत येणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "बंद पडली का?" ड्रायव्हर धापा टाकत म्हणाला, "नाय, चालूय." त्या काही न बोलता लिफ्टकडे गेल्या. लिफ्ट बंद होती, त्यामुळे पुन्हा बाहेर येऊन त्यांनी पुढचंही पाहिलं. आई गॅलरीतून ओरडत होती, "अरे, जपून! पोटात काम चाललंय तिच्या!"

पंधरा फूट. स्क्रीनवर आकडा अडतीस झाला, एकोणचाळीस झाला. टँकरचा पाइप लागला, वरती कोणाच्या तरी नळाला पाणी आलं आणि टाळी वाजली. ती माझ्यासाठी नव्हती, पण मी घेतली.

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. पन्नासची सत्तर मिनिटं झाली. स्क्रीन काळी पडली, माझा चेहरा पांढरा पडला, मग कंपनीचं चिन्ह आलं. साल २०२५. घड्याळ मात्र साडेपाच तास मागे, कारण गाडीनं भारत सोडून ग्रिनिचला मुक्काम केला होता. ते मेनूत जाऊन परत आणलं. चांदणी चौकात जुन्या पुलाच्या जागी नवे रस्ते असे उमटले होते, जणू कोणीतरी शेवया सांडल्यात. बाई तीच, आवाज तोच. फक्त तिला आता सगळं माहीत होतं. बायकोनं विचारलं, "झाले का वसूल?" मी डोक्यात पेनड्राइव्ह, सत्तर मिनिटांचं पेट्रोल आणि ड्रायव्हर-पोऱ्याचा चहा धरला, आणि उत्तर दिलं नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा मावशीकडे निघालो. अटल सेतूवर चढलो. स्क्रीनवर निळ्यातून एक सरळ, जाड, पिवळी रेघ शिवडीपर्यंत गेली होती आणि तिच्यावरून आमचा बाण शहाण्यासारखा चालला होता. बाई गप्प. पुढचं वळण फार लांब, तिला सांगण्यासारखं काही नव्हतं. मी आरशातून आईकडे पाहिलं, दाद मिळेल म्हणून.

आईनं बराच वेळ स्क्रीन पाहिली. मग काच थोडी खाली केली आणि बाहेर बघत म्हणाली, "ह्या वेळी काय आपण साध्या रस्त्यानं चाललोय वाटतं."