सोस्यो आणि सीमाप्रश्न

नवापूरच्या माणसाला 'सोस्यो कशासारखं लागतं?' असं विचारू नये. 'हे कुठून उगवलंय' अशा नजरेनं तो आधी आपल्याला न्याहाळतो आणि मग सांगतो, "सोस्योसारखं."

आमचे मामा त्याच पंथातले. सुरतेच्या हजुरी कुटुंबानं १९२३ साली विम्टो या विलायती पेयाला टक्कर द्यायला हे स्वदेशी पेय काढलं. पुढं कोलावाल्यांनी भल्याभल्यांना गिळलं, सोस्यो तगलं. जानेवारी २०२३ मध्ये रिलायन्सनं त्यात निम्मी भागीदारी घेतली, तेव्हा मामांचा चेहरा मोठ्या घरात सोयरीक जमल्यासारखा खुलला होता. मामांचा त्यात एक शेअरही नाही.

यंदा नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर हिंडून नाकाडोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मामांनी मला उतारा म्हणून थेट नवापूर स्टेशनावर आणलं. हे स्टेशन दोन राज्यांत पसरलंय. तिकीटखिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत आणि एका बाकाच्या तर मधोमध हद्द! मामा मला घेऊन मुद्दाम गुजरातेत बसले. दारूबंदीच्या राज्यात हा तपकिरी, फेसाळ ऐवज चारचौघांत तोंडाला लावण्याचा त्यांना वेगळाच कैफ चढतो.

पहिला घोट सफरचंदाचा वाटला, दुसरा द्राक्षाचा. घशाखाली उतरल्यावर मात्र मागून असा काही आंबूस दरवळ आला, की मी दचकून लेबल वाचलं. अमेरिकेहून आलेला मामेभाऊ म्हणाला, "सेम रूट बिअर!" तिकडच्या त्या प्रकारात नावापुरती बिअर; मूळ कृती सासाफ्रास, सार्सापरिला असल्या झाडामुळ्यांची, नशा शून्य. मामांना ही तुलना अजिबात रुचली नाही. शेजारी गाडीची वाट बघणाऱ्या एका बाबांनी घोटभर चाखून मोहाची आठवण काढली, आशेनं आणखी घोटभर घेतलं, थोडं थांबले आणि निराश होऊन बाटली परत केली.

"भाच्या, आते इकडे बठीसन पी," मामांनी मला बाकावरून महाराष्ट्रात सरकवलं. "आठे कडक लागस."

"का बरं?"

"आठे बंदी नही ना!"

मी प्यायलो. खरंच जरा कडक लागतंय, असं म्हणालो. रात्रीचं जेवण मामांकडेच होतं.